दोन एकर कोरडवाहूला गाय की शेळ्या?

मराठवाड्यातल्या दोन एकर कोरडवाहू रानाला एक देवणी गाय बरी, की चार उस्मानाबादी शेळ्या? खतापुरतं पाहिलं तर गाय पुढे. दिवसाला १० किलोच्या आसपास शेण मिळतं. तेवढ्या शेणात गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि २०० लिटर पाणी घातलं की एकराचं जीवामृत, म्हणजे पिकाला द्यायचं आंबवलेलं पातळ खत, होतं. पण तिला रोज पोटभर वैरण लागते, आणि उन्हाळ्यात कडबा विकत घेताना छोटा शेतकरी मेटाकुटीला येतो.

शेळी शेवरी, सुबाभूळ, बाभळीच्या शेंगा यांवर निभावते. गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांत विते, अनेकदा जुळी देते. अडीनडीला एखादा बोकड विकता येतो. गाय अशी विकवत नाही. लेंडीखत थोडंच निघतं, पण शेणखतापेक्षा सकस. मात्र पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन शेळी दगावते, त्या रोगाची) लस टाळू नका. आणि शेळ्या मोकाट सोडू नका, बांधावरची कोवळी झाडं उरत नाहीत.

पाणी-वैरण बेताची असेल तर मी आधी शेळ्याच घ्यायला सांगेन. जीवामृतासाठी शेजाऱ्याच्या गोठ्यातलं देशी गाईचं ताजं शेण आणलं तरी चालतं.