ऑडिटची तयारी: कन्सल्टंटची फाइल की आपली वही?

मिरजेत आमचा ऑर्थोपेडिक इम्प्लांट (हाडात बसवायच्या प्लेट, स्क्रू) हॉस्पिटलांना पुरवण्याचा व्यवसाय आहे. आयएसओ १३४८५ चं, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेचं, पहिलं सर्टिफिकेट आम्ही कन्सल्टंटकडून तयार फाइल घेऊन मिळवलं. तीन वर्षांनी रिसर्टिफिकेशन आलं तेव्हा मात्र सगळे कागद स्वतः बसून लिहिले. सर्टिफिकेट दोन्ही वेळा मिळालं, म्हणून लाइनमधली मंडळी विचारतात, कन्सल्टंट लावायचा का? तुमची एमडी-४२ नोंदणी (वैद्यकीय उपकरणं विकायला लागते ती) झाली आहे आणि आता टेंडरसाठी किंवा एनएबीएच मानांकन असलेल्या हॉस्पिटलच्या पर्चेससाठी हे सर्टिफिकेट हवं आहे, असं धरून लिहितो.

कन्सल्टंटची बाजू आधी मांडतो, कारण ती कमी लेखण्यासारखी नाही. सर्टिफिकेट देणारी संस्था स्वतः सल्ला देऊ शकत नाही, त्यामुळे पहिल्यांदा वाट दाखवायला कुणीतरी लागतंच. कुठल्या संस्थेला एनएबीसीबीची (अशा संस्थांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे, स्टेज टूच्या, म्हणजे मुख्य ऑडिटच्या, आधी एक इंटर्नल ऑडिट आणि एक मॅनेजमेंट रिव्ह्यू उरकलेला हवा, हे आम्हाला त्यांच्यामुळेच कळलं. दीड महिन्यात फाइल हातात आली. टेंडरची तारीख जवळ असेल तर मी आजही कन्सल्टंटच सुचवेन. कॅलिब्रेशन, ट्रेनिंग रेकॉर्ड, सप्लायर इव्हॅल्युएशन या कामांना दोन्हीकडे सारखाच वेळ जातो, त्यावर निवड करू नका.

आमचं घोडं पेंड खायला लागलं ते परतीच्या सेटपाशी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्लेट-स्क्रूचा सेट हॉस्पिटलला जातो, लागेल तेवढं वापरलं जातं, उरलेलं चिठ्ठीसह परत येतं. आमच्याकडे तो सेट रात्री नऊला स्कूटरवरून येतो आणि सकाळी सहाला जयसिंगपूरला हवा असतो. स्क्रू मोजणं, रिकामी भोकं भरणं, सगळं त्या मधल्या वेळात. फाइलमध्ये काय लिहिलं होतं? परत आलेला माल क्वारंटाइन विभागात ठेवावा, क्वालिटी विभागाने ४८ तासांत तपासून लेखी मोकळा करावा. आम्ही सगळे मिळून पाच माणसं. क्वालिटी विभाग कुठून आणणार? आणि ४८ तास सेट अडकवला तर डॉक्टर दुसऱ्याकडून मागवतील. तरीही त्या पानाखाली माझी सही होती.

पहिल्या सर्व्हेलन्स ऑडिटला (सर्टिफिकेट मिळाल्यावर मधल्या काळात होणारी तपासणी) ऑडिटरनी एक स्मॉल फ्रॅगमेंट ट्रे उघडायला लावला. ३.५ मिमीचा एक स्क्रू उचलून गोडाऊनमधल्या पोराला विचारलं, "हा कुठल्या लॉटचा?" पाकीट फोडून स्क्रू ट्रेमध्ये लावला की लॉट नंबर (माल कुठल्या खेपेत बनला त्याची खूण) पाकिटावरच राहतो, आणि पाकीट कचऱ्यात जातं. पोरगा खरं बोलला, "साहेब, भोक रिकामं दिसलं की मी भरतो." परतीचा फॉर्म कोराच निघाला. नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे त्रुटीचा लेखी शेरा, लागली आणि ती योग्यच होती. त्या पोराचा काय दोष? तो फॉर्म त्याने कधी पाहिलाच नव्हता, आणि इंग्रजी असल्याने पाहूनही उपयोग नव्हता. यावर उपाय म्हणून कन्सल्टंटकडून आणखी एक फॉर्म आला, तोही इंग्रजीत.

मला ते फार लागलं. कंपनीने उद्या एखादा लॉट परत मागवला, तर तो कुणाच्या हाडात बसला आहे हे आम्हाला सांगता यायला हवं. ते पेशंट आमच्याच पंचक्रोशीतले असतात.

पुढच्या खेपेला चार-पाच रविवार आम्ही गोडाऊनमध्ये सतरंजीवर ट्रे उघडून बसलो. पोरगा सांगत गेला, मी लिहीत गेलो. एका ओळीत एकाच लॉटचे स्क्रू ठेवायचे, लॉट संपला की अख्खी ओळ बदलायची, ही कल्पना त्याचीच. प्रत्येक सेटला एक वही केली. ओळ बदलली की पाकिटावरचं स्टिकर त्या पानावर चिकटवायचं, खाली तारीख आणि सही. कार्यपद्धती मराठीत लिहिली. कागद इंग्रजीतच हवेत असं स्टँडर्डमध्ये कुठेही नाही. ऑडिटरसाठी एक पान इंग्रजी सारांश जोडला. जुन्या फाइलमध्ये डिझाइन आणि स्टरिलायझेशनची पानंच्या पानं होती, जी कामं आम्ही करतच नाही. ती काढली आणि आम्हाला ती का लागू नाहीत याचं कारण मॅन्युअलमध्ये नोंदवलं, तेवढं पुरतं.

या वाटेला त्रास आहे, तो लपवत नाही. आम्हाला सात महिने लागले. कलमांची भाषा जड आहे, काही परिच्छेद मी चार-चारदा वाचले. इंटर्नल ऑडिटमध्ये स्वतःचं काम स्वतः तपासता येत नाही, आणि पाच माणसांत ते जमवायचं कसं? बिलिंगच्या ताईंनी गोडाऊन तपासलं, गोडाऊनने बिलिंग, आणि माझी खरेदी तपासायला कोल्हापूरचा एक व्यवसायबंधू येऊन गेला. शेवटी अर्धा दिवस फी देऊन एका कन्सल्टंटकडून कागद नजरेखालून घालून घेतले, तो खर्च मात्र जरूर करा. तुमचा माल नुसता डब्यात येत असेल आणि डब्यातच जात असेल, तर तयार फाइलही कदाचित चालून जाईल. सेट फिरत असतील तर, माझ्या अनुभवापुरतं सांगतो, तुम्हीच लिहा.

रिसर्टिफिकेशनला दुसरे ऑडिटर होते. त्यांनीही ट्रेमधून एक स्क्रू उचलला आणि तेच विचारलं. पोराने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वही काढली, ओळीवर बोट ठेवलं, स्टिकर दाखवलं, आणि ताईंनी त्या लॉटचं खरेदी बिल आणून समोर ठेवलं. ऑडिटरनी स्क्रू जागेवर लावला आणि पुढचा ट्रे मागितला.