इअरफोनसाठी पोर्टेबल ॲम्प की साधा डोंगल?

वायरचे चांगले इअरफोन घेतले की पुढचा प्रश्न येतोच: याला ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर) घ्यावा का? सध्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे फोनच्या टाइप-सी पोर्टला लावायचा बोटाएवढा डोंगल. दुसरी म्हणजे स्वतःची बॅटरी आणि व्हॉल्यूमची चकती असलेला पोर्टेबल ॲम्प. आजकाल बहुतेक ॲम्पमध्ये डॅकही (डिजिटल आवाजाचा इअरफोनला चालणारा सिग्नल करणारी चिप, डोंगलमध्ये ती असतेच) असतो, त्यामुळं तोही फोनला थेट जोडता येतो. मी दोन्ही भरपूर वापरलेत, दोन्ही घरात आहेत, आणि दोन्हींवर माझा जीव आहे. मोठ्या हेडफोनचा विषय वेगळा. इथं फक्त कानात घालायच्या इअरफोनपुरतं बोलतो.

ताकदीचा मुद्दा आधी बाजूला काढू, कारण बहुतेकांचा निर्णय तिथंच अडतो आणि खरं तर अडायला नको. समजा तुमच्या इअरफोनची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत मिळणारा आवाज, एका मिलिवॉटला ११० डेसिबल आहे. म्हणजे ८० डेसिबलला, जो घरात ऐकायला पुरेसा मोठा आवाज आहे, त्याला मिलिवॉटचा हजारावा भाग लागतो. साधा डोंगल १ व्होल्ट देतो असं धरलं, तर ३२ ओहम इम्पीडन्सच्या (विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या) इअरफोनला तो साधारण ३१ मिलिवॉट देऊ शकतो. गरजेच्या कित्येक हजार पट. प्लॅनर ड्रायव्हरचे (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा भाग, प्लॅनरमध्ये तो सपाट पातळ पडद्याचा असतो) इअरफोन जरा जास्त मागतात, पण तेही डोंगलला दमवत नाहीत. तेव्हा ‘ॲम्प लावला की इअरफोन खुलतात’ असं कुणी सांगितलं, तर आधी दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणून ऐका. आवाज किंचित मोठा असला तरी कानाला तो ‘चांगला’ वाटतो. सारख्या पातळीवर मला फरक जाणवला तो थोडाच, आणि तोही जाणवला की मी मानला हे छातीठोकपणे सांगणार नाही.

आउटपुट इम्पीडन्सचंही, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या जॅकमागच्या अडथळ्याचंही, तसंच. ज्या इअरफोनमध्ये एका बाजूला चार-पाच बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे छोटे ड्रायव्हर असतात, त्यांचा इम्पीडन्स प्रत्येक सुराला वेगळा असतो. अशांना १० ओहम किंवा त्याहून जास्त आउटपुट इम्पीडन्सच्या जॅकवर लावलं की आवाजाचा पोतच बदलतो. यंत्राचा आउटपुट इम्पीडन्स इअरफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा, हा अंदाज पुरेसा आहे. चांगले डोंगल १ ओहमच्या आसपास असतात, चांगले ॲम्पही तसेच. इथं बरोबरी.

मग माझ्या बाबतीत पारडं झुकलं कुठं? चकतीच्या पहिल्या वळणावर.

मी ऐकतो ते मुख्यतः जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं. कोल्हापुरात राहून ते आपोआपच होतं. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी इथं आले, त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँसाहेब इथंच राहून शिकवत राहिले, आणि जुन्या पेठांतल्या कितीतरी घरांत या गायकीचे कान अजून शाबूत आहेत. ऐकायची वेळ बहुतेक रात्रीची, घर झोपल्यावर. रस्ता शांत झालेला असतो, इअरफोन बाहेरचं उरलंसुरलं अडवतात, त्यामुळं आवाज अगदी बारीक ठेवला तरी सगळं ऐकू येतं. किंबहुना बारीकच ठेवावा वाटतो. आलापातला श्वास तेव्हाच नीट कळतो.

आणि नेमक्या त्या बारीक आवाजाला ॲम्प दगा देतो. चकती जेमतेम हलवली की डावा कान आधी जागा होतो. दोन तंबोरे डावी-उजवीकडं बसलेले असतील तर उजवीकडचा जवळजवळ गायब. गाणाऱ्याचा आवाज, जो मधोमध हवा, तो डाव्या कानाकडं सरकून बसतो. चकती आणखी फिरवली की दोन्ही बाजू समान होतात, पण तोवर आवाज रात्रीच्या मानानं मोठा झालेला असतो. हे एखाद्या खराब नगाचं दुखणं नाही. ॲनालॉग चकतीच्या आत एकाच दांड्यावर दोन पट्ट्या असतात, डाव्या चॅनलची एक, उजव्याची एक. दोन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या करणं अवघड, आणि सुरुवातीच्या भागात त्यांच्यातला फरक सर्वांत जास्त असतो. कमी सेन्सिटिव्ह मोठे हेडफोन लावले तर चकती मध्यावर राहते आणि हा फरक कधी समोरच येत नाही. संवेदनशील इअरफोन मात्र कायम त्याच पहिल्या वळणावर जगतात.

जुन्या ७८ आरपीएमच्या ध्वनिमुद्रिकांवरून केलेल्या प्रती ऐकल्या की हे आणखी ठळक होतं. त्या मोनो आहेत, म्हणजे सगळं गाणं डोक्याच्या बरोबर मध्ये यायला हवं. ते जरा जरी कलंडलं की लगेच कळतं, आणि एकदा कळलं की मन गाण्यावरून उठून चकतीवर जातं. याच घराण्याच्या केसरबाई केरकरांची तान सुरू आहे आणि आपण उजवा इअरफोन दाबून बघतोय, याचा मला मनापासून त्रास होतो.

उपाय आहेत, तेही करून बघितलेत. गेनचं (ॲम्पनं सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं) बटण ‘लो’वर ठेवलं की थोडं सावरतं. इअरफोनवाल्यांनी ते कायम ‘लो’वरच ठेवावं. फोनचा आवाज कमी करून चकती पुढं नेली की दोन्ही कान सारखे होतात, पण फोनकडून येणारा सिग्नल लहान झालेला असतो आणि त्याच्यामागची सुरसुर चकतीबरोबर मोठी होते. जुन्या मुद्रिकेत ती कळत नाही, कारण तबकडीचीच खरखर तिला झाकते. नव्या, स्वच्छ मुद्रणात गायक थांबला आणि फक्त तंबोरा उरला की ती मागून येत राहते. तिसरा उपाय म्हणजे मध्ये अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा छोटा जोड) लावणं. आयफाय कंपनीचा आयईमॅच याच कामासाठी आहे आणि काम करतो. पण मग फोन, केबल, ॲम्प, अटेन्युएटर, इअरफोन अशी माळ होते, आणि एका बारीक आवाजासाठी एवढा खटाटोप मला तरी जड वाटला. काही नव्या ॲम्पमध्ये चकती फक्त इशारा देते आणि आवाज कमी-जास्त चिप करते. त्यांत हा त्रास राहत नाही. ॲम्पच घ्यायचा ठरला असेल तर हे आधी विचारून घ्या.

डोंगलमध्ये आवाज चिपच सांभाळते, त्यामुळं दोन्ही कान सगळ्यात खालच्या पायरीवरही समान. माझ्या मते हा एकच गुण बाकी बऱ्याच गोष्टींना पुरून उरतो.

अर्थात डोंगललाही खोड्या आहेत. अँड्रॉइडमध्ये आवाजाच्या पायऱ्या बऱ्याच फोनवर १५च असतात. संवेदनशील इअरफोनला पहिली पायरी बारीक आणि दुसरी मोठी, असं होऊ शकतं. म्हणून स्वतःची व्हॉल्यूमची बटणं असलेला डोंगल घ्यावा, त्याच्या पायऱ्या खूप जवळजवळ असतात. ॲपलचा छोटा ॲडॉप्टर मोजमापाला उत्तम आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनवर तो पूर्ण आवाज देत नाही. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो सारखं ॲप वापरून त्याचा व्हॉल्यूम थेट हातात घेता येतो. अशी ॲप वापरताना मात्र इअरफोन कानात घालण्याआधी आवाज तपासा. फोनची मर्यादा उठली की तो एकदम पूर्ण जोरात सुटू शकतो.

दुसरी खोडी बॅटरीची. डोंगल फोनचीच बॅटरी खातो आणि चार्जिंगचं भोक अडवून बसतो. घरी फरक पडत नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला निघालात, रात्रभर ऐकत गेलात आणि सकाळी सीएसएमटीला उतरून गाडी बोलवायची असेल, तर पडतो. तिथं ॲम्प सरस, त्यात वाद नाही. आणि गाडीच्या खडखडाटात आवाज तसाही वर असतो, म्हणजे चकतीचं दुखणंही लपतं.

बाकी फिरताना? रंकाळ्याला एक चक्कर मारायची तर फोनच्या पाठीला रबरानं बांधलेला ॲम्प कुठल्याच खिशात नीट बसत नाही, आणि जूनपासून पुढं आपल्याकडच्या पावसात तर ते दोन डबे सांभाळायची माझी इच्छाच होत नाही. डोंगल शर्टाच्या खिशात विसरून जातो. फक्त त्याच्या केबलवर ताण येऊ देऊ नका, आधी तीच जाते.

तुमच्याकडं ३०० ओहमचे मोठे हेडफोन असतील किंवा पुढं घ्यायचे असतील, प्रवास जास्त असेल, बेस वाढवायचं बटण मनापासून हवं असेल, तर ॲम्प जरूर घ्या. पैसे वाया जाणार नाहीत. ज्यांना हातात चकती फिरवायलाच आवडते त्यांनाही मी अडवणार नाही, ती मजा मलाही कळते. पण फक्त इअरफोन, घरात, रात्री, बारीक आवाजात, असं तुमचं ऐकणं असेल, तर दोन-तीन हजारांचा बटणांचा डोंगल घ्या आणि उरलेले पैसे इअरफोनमध्ये घाला. मी माझ्या भाच्याला हेच सांगितलं.

काहीही घेतलंत तरी परत करायची मुदत संपण्याआधी एक गोष्ट करा. इथं अशी यंत्रं दुकानात बसून ऐकायला सहसा मिळत नाहीत, त्यामुळं घरीच तपासावं लागतं. रात्री मोनो मुद्रण लावा, तुम्ही खरोखर ऐकता तेवढ्याच बारीक आवाजात. गाणारा मधोमध आहे का बघा. नसेल तर इअरफोन उलटे घाला, डावा उजव्या कानात. आवाज तरीही त्याच कानाकडं राहिला तर कानाचा फरक आहे, बाजू बदलली तर इअरफोन किंवा यंत्राचा. मग आवाज थोडा वाढवा. तेवढ्यानं गाणारा मधोमध आला, तर दोष चकतीचा आहे, आणि ते यंत्र परत करायला हरकत नाही.