दुसरं वॉटर एटीएम घ्यावं, की टीसीएलकडे नीट बघावं?

बंधित निधी आला की ग्रामपंचायतीत हा वाद हमखास निघतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१ ते २०२६) त्याचे ६० टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे, मग निम्मे सदस्य म्हणतात एटीएम, म्हणजे नाणं टाकलं की आरओचं पाणी देणारं यंत्र, बसवू, आणि ग्रामसेवक म्हणतात आधी टाकीचं बघा. आमच्याकडे एक एटीएम होतंच. दुसऱ्या एटीएमचा ठराव आला तेव्हा मी पाणीपुरवठा समितीत होतो, त्यामुळे दोन्ही प्रकारांशी चांगलाच संबंध आला. आरओ पाण्यातले क्षार गाळून काढतं, आणि टीसीएल ही जंतू मारायला टाकीत टाकायची क्लोरीनची पावडर, एवढं धरून पुढे लिहितो.

एटीएमच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. चव चांगली. उन्हाळ्यात थंड पाण्याचा जार घरी आला की पाहुण्यांसमोरही बरं दिसतं. लोक स्वतःहून नाणी टाकतात, ग्रामसभेत एक तक्रार येत नाही. शिवाय उद्घाटन होतं, फीत कापली जाते. टीसीएलच्या पोत्याचं उद्घाटन आजवर कोणी केलेलं नाही. आणि एका ठिकाणी तर वादच नाही: बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल, तर क्लोरीनचा काडीचा उपयोग नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या फ्लोराइडच्या गावांनी माझं ऐकू नये. तिथे दुसरा उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, शोधा, नाहीतर आरओ घ्या.

आमचं पाणी तसं नव्हतं. विहीर नदीकाठची, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत. अशा पाण्याला आरओ लावूच देऊ नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्राला सांगितलं होतं, कारण जेवढं शुद्ध पाणी मिळतं जवळपास तेवढंच, अनेकदा त्याहून जास्त, वाया जातं. आमच्या प्लांटमागे ते सरळ ओढ्यात जायचं.

पण खरं सांगायचं तर माझं मत या वायाच्या पाण्याने फिरलं नाही. ते फिरलं त्या पेनासारख्या टीडीएस मीटरने.

पावसाळ्यात वरच्या आळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आशाताई ओआरएसची पाकिटं घेऊन फिरत होत्या. मी प्लांट चालवणाऱ्याला विचारलं, फिल्टर कधी बदललेत? टाकी कधी धुतलीत? त्याने खिशातून मीटर काढला, ग्लासात बुडवला आणि आकडा माझ्यापुढे धरला. ‘साहेब, बघा. ऐंशी. एकदम शुद्ध.’ पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मीटर मोजतो विरघळलेले क्षार, जंतू नाही. त्याच ग्लासात गटारीचा थेंब पडला तरी आकडा जागचा हलणार नाही. पण समोर आकडा दिसला की वाद संपतो, आणि गावात प्रत्येक वेळी तो तसाच संपायचा. मला त्या मीटरचा अक्षरशः राग यायला लागला.

त्यात आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. क्लोरीनने आरओचं मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, खराब होतं, म्हणून ते आधीच कार्बन फिल्टरने काढून टाकतात. म्हणजे नळाखालून जार भरला की पुढची जबाबदारी जारची. एकदा आमच्याच घरातल्या जारच्या आत हात घालून पाहिला. तळाला बोटं घसरली, इतका बुळबुळीत थर. दिसायला पाणी आरशासारखं.

आता टीसीएल. वास येतो, हे मान्य. चहात कळतो, असं आमच्या आईसकट सगळे म्हणायचे. पोतं उघडं राहिलं किंवा ओल लागली की पावडर निकामी होते, म्हणून आलेल्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. टीसीएल टाकणाऱ्या गावच्या माणसाचं, म्हणजे जलसुरक्षकाचं, मानधन तुटपुंजं, आणि त्याने भर पावसात टाकीवर चढायचं. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे पन्नास हजाराच्या टाकीला पाव किलो. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, निदान अर्धा तास थांबायचं, मग व्हॉल्व्ह सोडायचा. यातली एक पायरी चुकली तरी काम बिघडतं. गढूळ पाण्यात तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. आधी तुरटी फिरवावीच लागते.

तरीही त्याची परीक्षा कोणालाही घेता येते. नळाचं पाणी नळीत घ्या, ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे) थेंब टाका, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. (ते पाणी ओतून द्या, पिऊ नका.) आमच्या शाळेतली सातवीची पोरं ही टेस्ट करून फळ्यावर लिहायची, आणि रंग आला नाही की दुपारपर्यंत जलसुरक्षकाला चारजणांनी विचारलेलं असायचं. त्या मीटरपुढे असं कधी झालं नाही.

दुसरी गोष्ट पोहोचण्याची. एटीएमचं पाणी ज्याच्याकडे गाडी आणि सुटे पैसे आहेत त्याच्या घरी जातं, आणि तेही फक्त प्यायला. भाजी धुणं, भांडी, लेकराची अंघोळ, चूळ भरणं, सगळं नळावरच. ऊसतोडीच्या कोपीवर तर जार पोहोचतच नाही. आमची पाइपलाइन दोन ठिकाणी गटारीतून जाते आणि पाणी दिवसाआड येतं. नळ बंद असताना फुटक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. त्या पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक असेल, निदान ०.२ मिलिग्रॅम लिटरमागे, तर काही तरी आडकाठी राहते. अमेरिकेत जर्सी सिटीने १९०८ मध्ये अख्ख्या शहराच्या पाण्यात कायमचं क्लोरीन घालायला सुरुवात केली तेव्हा तिथेही कोर्टकचेरी झाली होती. ‘पाण्यात औषध’ ही तक्रार आपल्याच गावची नाही.

आम्ही ठराव बाजूला ठेवला. त्या पैशांतून गटारीतले सांधे बदलले, क्लोरीन मापात सोडणारा डोसर बसवला, जलसुरक्षकाला वरून थोडे पैसे दिले. त्यानंतरचे पावसाळे मला शांत वाटले. उपकेंद्रातल्या सिस्टरही तसंच म्हणाल्या. आता तो डोसरचा गुण की सांध्यांचा की पाऊसच कमी झाला, मी छातीठोक सांगणार नाही. जुनं एटीएम अजून चालू आहे, लग्नकार्याला उपयोगी पडतं.

तुमच्याकडे क्षार जास्त असतील तर आरओ घ्या, पण टाकीतलं क्लोरीन थांबवू नका. आणि ओटी टेस्ट टाकीखालच्या नळाला करू नका, तिथे रंग येतोच. गावाच्या शेवटच्या नळाला करा.