जळगावातील कराओके दालनाची जपानी यादी
भरीत-पार्टी आटोपून येणाऱ्या मंडळींसाठी जळगावातल्या एका कराओके दालनाने जपानी गाण्यांची यादी ठेवली असून, मागील शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द घेण्याचा शिरितोरी हा खेळ, जो आपल्या भेंड्यांचा जपानी भाऊच म्हणावा, गाण्यांच्या नावांवर तेथे चांगला रंगतो. ‘नादा सोउसोउ’ हे नाव जपानी लिपीत ‘उ’वर संपत असल्याने त्याला क्यू साकामोतो यांचे १९६१ चे ‘उए ओ मुइते आरुकोउ’ सहज जोडता येते, आणि त्याची चाल नवख्यालाही झेपते. केन्शी योनेझू यांचे ‘लेमन’ मात्र ‘न्’वर संपते व नियमानुसार ते घेणारा बाद होतो, तरीही दालनाच्या शिफारशींत तेच अग्रभागी आहे. पडद्यावर देवनागरी उच्चार नाहीत, ही मोठी उणीव आहे.