मधपेटी तपासणी, घरपोच: राणी विकली नाही म्हणून चार तारे

सेवा: घरी येऊन सातेरी (आपल्या देशी) मधमाश्यांची पेटी तपासणे आणि वाकडी पोळी सरळ करून देणे. कुडाळ तालुका. एका पेटीचे ५०० रुपये, पेट्रोल वेगळं. मधपाळांनी नाव-नंबर टाकू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे टाकत नाही. गावातल्या कुणालाही विचारा, सांगतील.

दिवाळीनंतर आमची पेटी जोरात होती, आणि मग माश्या एकदम निम्म्या झाल्या. उघडून बघावं तर चौकटी सुटेनात. पोळी एका चौकटीवरून दुसरीवर तिरकी गेलेली, ओढली की फाटणार. जेवढं दिसत होतं त्यात अंडं एकही नाही. पेटी ज्याच्याकडून घेतली त्याने फोनवरच निकाल दिला, "राणी गेली ताई, नवीन वसाहत घ्या." दरसुद्धा त्याच दमात सांगितला. डॉक्टरही निदान नाडी तरी बघतो.

हे मधपाळ आले आणि आधी पेटीला हातच लावला नाही. दारासमोर उकिडवे बसून माश्यांची ये-जा बघत राहिले. पायांवर पिवळा पराग घेऊन माश्या आत जात होत्या. मी म्हटलं, म्हणजे राणी आहे ना? तर म्हणाले, "परागावर जाऊ नका. राणी नसलेल्या पेटीतही थोडा पराग येत राहतो."

मग नारळाच्या सोडणाचा धूर, दोनच फुंका, आणि पातळ सुरीने पोळी वरच्या पट्टीपासून सोडवायला घेतली. प्रत्येक पोळं उन्हाकडे पाठ करून तिरकं धरायचं, म्हणजे उजेड कोठडीच्या तळाशी पोचतो आणि दीडेक मिलिमीटरचं अंडं असेल तर दिसतं. अंडी नव्हतीच. पण मधल्या पोळ्यातल्या कोठड्या रिकाम्या, घासून लख्ख केलेल्या, जणू कुणासाठी तयार ठेवलेल्या. आणि पोळ्याच्या खालच्या कडेला एक राणीकोष, म्हणजे राणी वाढते ती कोठडी, टोकाचं झाकण गोल कापून उघडलेलं. "टोकाकडून उघडलाय म्हणजे ती आपणहून बाहेर आली. कुशीला भोक असतं तर तिला आतच मारलेली असती."

म्हणजे जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघून गेली होती आणि नवी अजून अंडी घालायला लागली नव्हती. झाकलेल्या कामकरी कोठड्या अजून शिल्लक होत्या, त्यावरून जुनी जाऊन तीन आठवडे झालेले नाहीत हेही कळलं. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला साधारण तेवढेच दिवस लागतात. एका कोठडीत दोन-तीन अंडी, किंवा भिंतीला चिकटवलेली अंडी, हे कुठे आहे का तेही त्यांनी बघितलं. तसं दिसलं तर कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्या असं समजायचं, आणि त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. राणी गेली की सातेरीत हे फार लवकर सुरू होतं. काही कोठड्यांच्या झाकणांना मध्यभागी बारीक छिद्र होतं, जाऊबाई म्हणाल्या कीड लागली. ती नरांची कोठडी, सातेरीत तशीच असते.

एवढ्यावरही त्यांनी खात्री दिली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. स्वतःच्या पेटीतून अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेला तळहाताएवढा तुकडा ओल्या फडक्यात आणला होता, तो मधल्या चौकटीत बांधला. राणी नसेल तर तीन-चार दिवसांत माश्या त्यावर राणीकोष घेतात, आणि नव्या राणीची सोयही त्यातच होते. घेतले नाहीत तर राणी आहे. त्याच पैशात परत येऊन बघून गेले. कोष नव्हते. मग सक्त ताकीद, आता पेटी उघडायची नाही, नवी राणी मीलनाला बाहेर पडेल तेव्हा घर जागच्या जागी हवं. पुढे कोठडीगणिक एक अंडं, अगदी तळाशी, मीच बघितलं. त्या विक्रेत्याचं ऐकून, राणी गेली असं धरून दुसरी राणी आत सोडली असती तर माश्यांनी बहुधा तिलाच संपवलं असतं.

पोळी वाकडी का झाली, तर पेटीबरोबर आलेले मेणपत्रे, म्हणजे पोळं बांधायला आधार म्हणून कोठड्यांचा ठसा असलेले मेणाचे पत्रे, मेलीफेराचे, म्हणजे परदेशी मोठ्या मधमाशीचे. त्यांची कोठडी पाच मिलिमीटरच्या वर, सातेरीच्या कामकरीची त्याहून लहान. माश्यांनी पत्रे अर्धे कुरतडले आणि आपल्या मर्जीने बांधलं. चौकटींचं अंतरही मेलीफेराचं, मध्यापासून मध्यापर्यंत ३५ मिलिमीटर. सातेरीला ३१-३२ पुरतं. त्यात स्टँडचा एक पाय खचलेला. ताटात पाणी ओतून त्यांनी पेटी समपातळीत आणली. अळ्यांची पोळी वरची बाजू वरच ठेवून चौकटीत बसवली आणि केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सालीने, बांधली. पोळं चिकटलं की माश्या सोप कुरतडून बाहेर टाकतात. मधाने जड झालेले तुकडे बांधले नाहीत, पातेल्यात आमच्या हवाली केले. पत्रे सगळे काढून वरच्या पट्टीला फक्त बोटभर मेणाची पट्टी ठेवली.

एक तारा कापला त्याची कारणं: दहाला सांगून टळटळीत उन्हात आले, तोंडावर घ्यायची जास्तीची जाळी आणली नाही, त्यामुळे मला लांबून बघावं लागलं, आणि मेणाचे चुरे पेटीखाली तसेच टाकून गेले. संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग. पावती मागितली तरी मिळाली नाही.

फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा त्यांना रेंज नसते. धारदार सुरी, ताट आणि केळीचा ओला सोप तयार ठेवा. मेलीफेराच्या पेट्या ते बघत नाहीत.