पोस्टग्रेसची लॉगिन व गट-परवानगी व्यवस्था : जिनिंगच्या कामातला अनुभव

धरणगाव परिसरातल्या एका जिनिंग-प्रेसिंगचा डेटाबेस सर्व्हर मी सांभाळतो. काटापट्ट्या, कापसाची आवक, गाठींचा साठा आणि शेतकऱ्यांचे चुकारे या साऱ्यांची नोंद पोस्टग्रेस या डेटाबेस-सॉफ्टवेअरमध्ये होते. दसऱ्यानंतर सीझन लागला की काट्यावर हंगामापुरती माणसे येतात आणि सीझन उतरला की जातात. त्यामुळे कोणाला आत घ्यायचे आणि आत आल्यावर कशाला हात लावू द्यायचा, हे दोन प्रश्न इथे दरवर्षी नव्याने उभे राहतात. या दोन कामांपुरतेच हे परीक्षण आहे.

पासवर्डच्या तपासणीत लॉगिन अडले की वापरणाऱ्याच्या पडद्यावर ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ एवढाच संदेश दिसतो. पासवर्ड चुकला असो, त्याची मुदत संपलेली असो किंवा त्या नावाचा रोल, म्हणजे सर्व्हरवरचे खातेच नसो, संदेश तोच राहतो. हे जाणूनबुजून केलेले आहे, कारण सर्व्हरवर कोणती नावे आहेत हे बाहेरच्याला कळता कामा नये. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदीत लिहिलेले असते, आणि कोणाला कुठून जोडू द्यायचे हे ठरवणाऱ्या पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलमधली कितवी ओळ लागू झाली तेही तिथे मिळते. गेल्या हंगामाच्या तोंडावर आमच्या काट्याच्या केबिनमधला संगणक जोडला जाईना, हिशेबाचा मात्र बिनतक्रार चालत होता. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याने काट्याकडच्या सगळ्या पत्त्यांना नकार देणारी एक ओळ वर लिहून ठेवली होती आणि काट्याला परवानगी देणारी ओळ तिच्या खाली होती. ही फाइल वरून खाली वाचली जाते, जुळलेली पहिली ओळ अंतिम ठरते आणि तिथे नकार मिळाला तर पुढच्या ओळींकडे पाहिलेच जात नाही. ओळींचा क्रम बदलून सर्व्हर रीलोड केला, म्हणजे त्याला फाइल पुन्हा वाचायला लावली, आणि काटा सुरू झाला. आवृत्ती १० पासून पीजी_एचबीए_फाइल_रूल्स या व्ह्यूमध्ये (टेबलासारख्या दिसणाऱ्या तयार यादीत) फाइलमधल्या चुका रीलोड करण्याआधीच दिसतात. ही सोय मला फार मोलाची वाटते.

गटांची रचना हे या सर्व्हरचे खरे बळ आहे. २००५ मध्ये आलेल्या ८.१ आवृत्तीपासून वापरकर्ता आणि गट हा भेद जाऊन दोन्हींसाठी ‘रोल’ ही एकच कल्पना आली. आम्ही ‘काटा’ आणि ‘हिशेब’ असे लॉगिन नसलेले दोन रोल केले, टेबलांच्या परवानग्या त्यांनाच दिल्या आणि माणसांना त्यांचे सभासद केले. माणूस बदलला तरी परवानग्यांना हात लावावा लागत नाही. एवढे मात्र लक्षात ठेवावे, की टेबलावरचे हक्क गटाकडून सभासदाला आपोआप मिळतात, पण लॉगिन करण्याचा किंवा डेटाबेस तयार करण्याचा अधिकार तसा मिळत नाही.

माझी खरी तक्रार पुढे आहे. सरकीच्या विक्रीसाठी नवे टेबल तयार झाले आणि हिशेब विभागाला ‘परमिशन डिनाइड’ येऊ लागले, जुनी टेबले मात्र सगळी उघडत होती. ‘ग्रँट ऑन ऑल टेबल्स’ ही परवानगी देणारी आज्ञा त्या क्षणी असलेल्या टेबलांनाच लागू होते. पुढे होणाऱ्या टेबलांसाठी ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ द्यावे लागते. ते आम्ही दिलेही होते, परंतु ते प्रशासकाच्या रोलसाठी होते आणि टेबल तयार केले होते सॉफ्टवेअरच्या रोलने. जो रोल टेबल बनवतो त्याच्याच नावाने ही तरतूद करावी लागते, आणि ती राहून गेली तर सर्व्हर कोणतीही सूचना देत नाही. एरवी इतक्या काटेकोर असलेल्या व्यवस्थेत ही उणीव फार सलते. त्यात स्कीमावर, म्हणजे टेबले ज्या कप्प्यात असतात त्यावर, ‘यूसेज’चा (वापराचा) हक्क नसेल तर टेबलाची परवानगी असूनही उपयोग होत नाही. शिवाय २०२२ च्या आवृत्ती १५ पासून, नव्याने केलेल्या डेटाबेसच्या ‘पब्लिक’ या मूळच्या स्कीमात कोणालाही सरसकट टेबल बनवता येत नाही. हा बदल योग्यच आहे, पण जुनी सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर बसवताना त्याच जागी अडतात.

हंगामी माणसांसाठी ‘व्हॅलिड अंटिल’ने पासवर्डला शेवटची तारीख घालता येते. ती तारीख पासवर्डपुरतीच असते, आधीच उघडलेले सत्र तिने बंद होत नाही. काम सोडून गेलेल्याचा रोल, त्याच्या नावावर टेबले असतील तर, काढता येत नाही. आधी ‘रीअसाइन ओन्ड’ने मालकी दुसऱ्याकडे द्यावी लागते, आणि ते मला रास्त वाटते.

चुकीचे पासवर्ड वारंवार टाकणाऱ्याचे खाते आपोआप बंद करण्याची सोय मूळ पोस्टग्रेसमध्ये नाही. म्हणून छोट्या जिनिंगने किंवा डाळ मिलने हा सर्व्हर जरूर घ्यावा, परंतु ५४३२ हा त्याचा नेहमीचा पोर्ट (जोडणीचे दार) इंटरनेटवर उघडा ठेवू नये आणि रोजचा लॉग वाचणारे एक माणूस नेमूनच काम सुरू करावे.