व्यसनप्रतिबंध: एक दिवसाचे व्याख्यान की वर्षभराचे तास?

२६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन जवळ आला की शाळेत व्याख्यान आणि शपथ ठेवायची, की त्याऐवजी सातवी-आठवीला वर्षभरात दहा-बारा तास द्यायचे, हा प्रश्न पुण्यातील एखाद्या पालक-शिक्षक संघापुढे असेल, तर माझे मत तासांच्या बाजूचे आहे.

व्याख्यान सोपे असते. एक सभागृह आणि एक वक्ता पुरतो. परंतु नुसती माहिती देऊन किंवा भीती घालून मुलांचे वर्तन बदलत नाही. व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीने मुलांसमोर आपली कहाणी सांगणे मनाला भिडते, तरीही संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिबंधविषयक मानकांत ही पद्धत निष्फळ किंवा प्रसंगी अपायकारकही ठरवली आहे.

मात्र केवळ तास वाढवूनही भागत नाही. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली सुरू झालेला ‘डेअर’ हा उपक्रम अनेक आठवडे चाले, गणवेशातील पोलीस वर्गात येऊन शिकवत, तो अमेरिकाभर पसरला. तरी मूल्यमापनांत त्याचा परिणाम नगण्य आढळला आणि पुढे अभ्यासक्रम बदलावा लागला. म्हणून तासांत नेमके काय घडते, ते आधी तपासावे. मित्राने गुटख्याची पुडी पुढे केली तर मैत्री न तोडता नाही कसे म्हणायचे, याचा मुले प्रत्यक्ष सराव करतात का? ‘सगळेच घेतात’ हा त्यांचा समज वर्गात तपासला जातो का? दिल्ली आणि चेन्नईतील ३२ शाळांत दोन वर्षे चाललेल्या ‘मैत्री’ प्रकल्पात असे संवादी तास, समवयस्क विद्यार्थ्यांचे नेतृत्व आणि पालकांचा सहभाग होता. तेथील मुलांमध्ये तंबाखूसेवनाचे प्रमाण इतर शाळांच्या तुलनेत कमी राहिले. तो अभ्यास तंबाखूपुरता होता, पण आपल्याकडे अनेक मुलांची सुरुवात तंबाखूपासूनच होत असल्याने मला तो फार मोलाचा वाटतो.

खर्च मुख्यतः शिक्षकांच्या वेळेचा आहे. त्यांना प्रशिक्षण द्यावे लागेल आणि वेळापत्रकात हक्काची जागा काढावी लागेल. परीक्षा जवळ आल्यावर हेच तास कापले जाणार असतील, तर सुरुवातच करू नये.

व्याख्यान ठेवायचेच असेल, तर ते पालकांसाठी ठेवावे. १९८६ पासून पुण्यात व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या संस्थेचा अनुभव तेथे खरा उपयोगी पडेल. ज्या मुलाने सेवन सुरू केले आहे, त्याला मात्र वर्गातील तास पुरणार नाहीत. त्याला नावे न ठेवता समुपदेशकाकडे न्यावे, अथवा १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर पालकांनी आधी स्वतः बोलावे.